धुक्यातली चिस्पा

चिलोए बेटाच्या खाडीत धुकं उतरलं आणि नेमकी आमच्या होडीची मोटर बंद पडली. "किनारा कुठल्या बाजूला गं?" वल्ही हातात घेत बेलार्मिनोनं विचारलं. जन्मभर मासेमारी केलेल्या माझ्या नवऱ्यानं असं कधीच विचारलं नव्हतं. तेवढ्यात भुंकणं ऐकू आलं. "आपली चिस्पा! वल्हव तिकडेच!" मी ओरडले. मांजराएवढी आमची सरमिसळ जातीची कुत्री थांबायलाच तयार नव्हती. आवाज घोगरा झाला, बसत गेला, तोच होडीखाली खडे खरखरले. किनाऱ्यावर शेजारची ओतिलियाआजी होती. "धुकं आल्यापासून इथंच आहे ही. पाव दिला, ढुंकूनही पाहिलं नाही. हाकललं, तर माझ्यावरच गुरगुरली बया!" चिस्पा पोटापर्यंत पाण्यात होती. आम्हाला पाहताच उड्या मारत भुंकू लागली. तोंड उघडत होतं, आवाज फुटत नव्हता. "हो गं बाई, ऐकतोय," म्हणत बेलार्मिनोनं तिला स्वेटरमध्ये घेतलं.