मदतीचं पान

"काही दिसत नाही रे," आई फोनवर म्हणाली.

"उजव्या कोपऱ्यात बघ. वायफायची खूण असेल."

"नाही दिसत."

त्यानं कपाळाला हात लावला. दोघांच्या मध्ये अख्खा समुद्र. गेल्या भेटीत त्यानंच आईच्या जुन्या लॅपटॉपवर फुकटची, सगळ्यांना खुली असलेली संगणक प्रणाली चढवून दिली होती. रोज पडद्यावर मायलेकांची भेट व्हायची. मग एक अपडेट आलं आणि भेट बंद पडली.

घोळ कुठे झाला ते त्याला सापडलं. आईच्या वायफाय कार्डाबद्दल प्रणालीच्या मदतीच्या पानावर लिहिलं होतं, 'ड्रायव्हर वेगळा टाका.' तो ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम, प्रणालीत केव्हाच सामावला होता. वेगळा टाकला की दोघे एकमेकांच्या पायात पाय घालायचे. आणि अपडेट आल्यावर त्या पानावर भरवसा ठेवून त्यानंच आईला तो टाकायला लावला होता.

आई जुनी टायपिस्ट. तो सांगेल ते तिची बोटं खडाखडा उतरवायची, एक अक्षर चुकायचं नाही. तिनं जादा ड्रायव्हर काढून टाकला, लॅपटॉप बंद करून चालू केला.

"आता?"

"तसंच आहे बाबा. तू जेवलास का?"

निदान दुसऱ्या कुणाची तरी फसगत टळावी म्हणून त्यानं ते पान नव्यानं लिहून प्रणाली सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाकडे पाठवलं. तिथली तपासनीस बाई मोठी खमकी.

'हे कुणी करून पाहिलंय?' तिनं लिहून विचारलं.

'माझ्या आईनं.'

'चाललं?'

'अजून नाही,' त्यानं लिहिलं. शेवटी बाईनं स्वतःच तसलं कार्ड मिळवून पाहिलं आणि पान स्वीकारलं. कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांचे आभार आले. जगाचं वायफाय सुरू झालं, घरचं रडगाणं तेच.

"सोड ना आता," आई म्हणाली. "आवाज येतोय की तुझा. पुष्कळ झालं."

"मला तुला बघायचंय."



त्याला राहवेना. आईच्या गल्लीतल्या संगणक दुरुस्तीवाल्याला त्यानं परस्पर फोनवर गाठलं आणि घरी पाठवलं. दुपारी त्याच्या लॅपटॉपवर घंटी वाजली आणि समोर आई आली. केस नीट विंचरलेले, हात मांडीवर. शेजारी दुरुस्तीवाला उभा.

"काही बिघडलेलंच नव्हतं साहेब," तो म्हणाला. "वायफाय चालूच होतं."

"आई," त्यानं हाक मारली.

आईनं आवाजाच्या रोखानं मान वळवली, पण चेहरा राहिला पडद्याशेजारच्या भिंतीकडे. मग चाचपत तिनं दुरुस्तीवाल्याची बाही धरली आणि हळूच विचारलं, "आलाय का हो तो समोर? वाळलाय का फार, जरा बघून सांगता?"