सागरचं पान

आप्पांच्या पानाला कावळा लगेच शिवला. सागरच्या पानाकडे मात्र एकही ढुंकून पाहीना.

दोन्ही पानं मागीलदारी गडग्याच्या बुटक्या भिंतीवर शेजारी शेजारी ठेवली होती. नवऱ्याची आणि मुलाची तिथी एकच पडावी, हे चिमाबाईचं नशीब. आप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. धाकटा सागर गेल्या भाद्रपदात गेला, परदेशातल्या बंदरावर, नेमका वडलांच्या तिथीला. गोदामाला आग लागली, एवढंच त्याच्या कंपनीने कळवलं. घरी पाठवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या सकाळी त्याचा फोन आला होता. आप्पांचं उरकून घेतो, मग निवांत बोलू, असं तो बायकोला, दर्शनाला म्हणाला. ती अजून फोन उशाशी घेऊन निजते.

तिथीचं सगळं सागरच करी. नोकरीला तिकडे गेल्यावरही त्याने नेम मोडला नाही. इकडे कावळे नाहीत, पण घारी येतात, म्हणायचा. थोरला सुजय बंगळुरूला, त्याला कधी सुट्टीच जमली नाही. त्यामुळे आज आईला त्याला सगळं शिकवावं लागलं. आप्पांच्या पानाला विडी लागते आणि तीही पेटलेली. जिवंतपणी ज्यांचं विडीशिवाय जेवण झालं नाही, ते मेल्यावर कसले ऐकतात! सुजयने विडी पेटवली, दोनदा ठसकला, ती पानाच्या डोक्याशी ठेवली आणि मागे सरून हात जोडले. कावळा टपूनच बसलेला.

सागरला कसलं व्यसन नव्हतं. त्याला काय हवं होतं, हेच कोणाला कळेना. सुजयने पानासमोर उभं राहून दर्शनाला जन्मभर सांभाळण्याचा शब्द दिला. दर्शनाने आपण रडणार नाही असं सांगितलं आणि सांगता सांगताच रडली. आप्पांचे चुलतभाऊ धोंडूकाका सकाळपासून उपाशी होते. दर्भाचा कावळा करून शिवू आणि जेवायला बसू, असं त्यांनी सुचवून पाहिलं. चिमाबाई ऐकेना.

"त्याच्या मनात कायतरी ऱ्हायलंय," ती म्हणाली. "ते कळल्याबिगर मी घास घेनार न्हाय."

ऊन कलायला लागलं. ती मागच्या पायरीवर बसून राहिली. वर्षभरात ती इतकी सुकली होती की सुजयला तिच्याकडे बघवेना. त्यातून संध्याकाळी त्याला लॅपटॉपवरून परदेशी गिऱ्हाइकांशी बोलायचं होतं, त्याची चुळबुळ वेगळीच.

सुजय लढाऊ विमान विकायचा. आपला आणि आणखी एक, अशा दोन देशांनी मिळून बनवलेलं. इंजिन त्यांचं, सांगाडा आपला आणि जमिनीवरचं टिपणारा कॅमेरा दोघांचा मिळून. पहिल्या गिऱ्हाइकाने ते घेतलं, वापरलं, नावाजलं. आता दुसरा देश तयार होत होता. हा सौदा जमला की सुजयची बढती ठरलेली.

आईचं मन जरा वळावं म्हणून त्याने लॅपटॉप पायरीवर आणला. मी काय विकतो ते तू नेहमी विचारतेस ना, तर बघ, म्हणाला. दर्शनाही डोळे पुसून येऊन बसली. त्याने आईला कळेलशा भाषेत सांगितलं. व्यापारी पेटी उचलण्याआधी एक आंबा कापून दाखवायला लावतो, तसंच विमानाचंही असतं. लढाईत वापरलेलं विमान चटकन खपतं. ही फिल्म म्हणजे तो कापलेला आंबा.

फिल्म पहिल्या गिऱ्हाइकाने दिलेली. शत्रूच्या शस्त्रांचं कोठार उडवलं, असं त्यांचं म्हणणं. जागा आणि तारीख पुसूनच दिली होती. या धंद्यात ती कोणी विचारत नाही, सुजयनेही विचारली नव्हती. त्याने ती इतक्या लोकांना दाखवली होती की आता त्याचं चित्राकडे लक्षच नसे, तो बघणाऱ्यांचे चेहरे बघे.

पडद्यावर करडं चित्र आलं. एक लांबलचक छप्पर आणि त्यावर माणसाची पांढरी आकृती.

"हे उष्णतेचं चित्र. जे गरम, ते पांढरं," सुजय म्हणाला. "हा पहारेकरी सिगारेट ओढायला वर आलाय. त्याच्या हातातला तो बारीक ठिपका दिसतो? विमान इतकं उंच की त्याला आवाजही येत नाही, आणि आपल्याला त्याची सिगारेट दिसते. इथे गिऱ्हाईक हमखास पुढे वाकतं."

चिमाबाई पुढे वाकली. आकृती छपराच्या कडेला गेली, खाली बसली, उठून मागे सरली. मग सगळा पडदा पांढराफटक झाला.

सुजयने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, तेव्हा आईने त्याचं मनगट धरलं. परत दाखव, म्हणाली. त्याला बरं वाटलं. सकाळपासून तिने पहिल्यांदाच काही मागितलं होतं. त्याने फिल्म पुन्हा लावली.

या वेळी दर्शनाने पदर तोंडात कोंबला. सुजयला वाटलं, स्फोट बघून घाबरली. एवढं मनावर घेऊ नकोस, असं तो तिला सांगणार होता. आईने त्याचं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"सुजय, तो वढीत न्हाय रे," चिमाबाई म्हणाली. "आप्पांच्या पानाशी विडी ठेवलीन, नि मागं सरून हात जोडलेन."