राजे की पिंट्या

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला रुचिर आपला साप परत न्यायला ओमानमधल्या सोहारला शिरीषच्या घरी आला, तेव्हा त्याचा साप कोणता हे घरात कोणालाच सांगता येत नव्हतं.

हॉलमध्ये चौरंगावर काचेच्या दोन पेट्या शेजारी शेजारी होत्या. दोन्हींत एकेक किंगस्नेक. अमेरिकन जात, बिनविषारी, अंगावर काळे-पांढरे पट्टे. दोघे एकाच वेळी अंड्यांतून निघालेले, एकाच माणसाकडून घेतलेले. रुचिरच्या सापाचं नाव राजे. रुचिर सुट्टीवर पुण्याला गेला होता, म्हणून राजे इथे मुक्कामाला होते. दुसरा शिरीषच्या मुलीचा, सईचा. तो पिंट्या.

नावं पेट्यांवर चिकटवलेली होती. सईच्या आईने, श्यामलाने, ती काल पूजेआधी खरवडून काढली.

“मंडळाच्या बायका येणार होत्या,” ती म्हणाली. “देवाला पिंट्या म्हणतात का?”

मग तिने काचा पुसल्या, लाह्या-दूध ठेवलं आणि समईसकट फोटो नीट येईना म्हणून पेट्या इकडच्या तिकडे केल्या. किती वेळा, ते तिला आठवत नव्हतं.

“आमच्याकडे लेबल निघालं की अख्खा लॉट भंगारात जातो,” शिरीष म्हणाला. तो पोलाद कारखान्यात तपासणी विभागात होता.

“मग घाला भंगारात. माझ्याकडे काय बघताय?”

रुचिरची निझव्याला बदली झाली होती. सामान पुढे गेलं होतं, फक्त साप राहिला होता. आज चुकीचा साप गेला, तर तो तिकडचाच होणार होता.

“मला माहितीये पिंट्या कोण आहे ते,” सई म्हणाली. “तो माझ्याकडे बघतो. दुसरा नाही बघत.” तिने डावीकडच्या पेटीवर हात ठेवला.

शिरीषने तिला पाठ करून उभं केलं. पेट्या सरकवल्याचा आवाज केला, पण हलवलं काहीच नाही. सई वळली आणि तिने उजवीकडच्या पेटीवर हात ठेवला.

“बाबा, दॅट्स चीटिंग,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

“दोघांना एका पेटीत ठेवलं, तर ओळखायचा प्रश्नच उरणार नाही,” रुचिर म्हणाला.

“म्हणजे?”

“किंगस्नेक साप खातो, वहिनी. एकच उरेल.”

श्यामलाने दोन्ही पेट्यांची झाकणं पुन्हा एकदा दाबून पाहिली.

शिरीषने टॉर्च आणला. बराच वेळ तो काचेला नाक लावून बसला होता. शेवटी फरक सापडला. मानेजवळचा एक पांढरा पट्टा दोघांचाही तुटका होता. एकाचा डाव्या बाजूला, दुसऱ्याचा उजव्या. सईच्या फोनमध्ये पिंट्याचे फोटो भरपूर होते, पण प्रत्येकात त्याच्या मानेभोवती फिल्टरचे गुलाबी बदाम फिरत होते. रुचिरकडे राजेंचा एकच धड फोटो निघाला. त्यात तो उघडाबंब होता, राजे गळ्यात होते आणि पट्टा डावीकडे तुटला होता.

“झालं तर,” रुचिर म्हणाला. “डावीकडे तुटलेला माझा. खलास. अंधार पडायच्या आत निघतो.”

श्यामलाने त्याच्या हातातून फोन घेतला.

“जानवं डाव्या खांद्यावर असतं. तुझं उजव्यावर कसं?”

तिघंही फोनवर वाकले.

“सेल्फी आहे,” शिरीष म्हणाला. “काही फोन सेल्फी आरशासारखी उलटी ठेवतात. जानवं उलटं, म्हणजे सापही उलटा. राजेंचा पट्टा उजवीकडे तुटलाय.”

“मग हा पिंट्या,” सई म्हणाली आणि तिने डावीकडे पट्टा तुटलेल्याची पेटी दोन्ही हातांनी कवटाळली.

रुचिरने फोटोची तारीख पाहिली आणि खाली बसला.

“पितृपक्ष,” तो म्हणाला. “बाबांची तिथी. त्या दिवशी मी तर्पण केलं होतं. गुरुजी व्हिडिओ कॉलवर होते.”

तर्पणाला जानवं उजव्या खांद्यावर घेतात, हे इथे कोणाला समजावायची गरज नव्हती. सई सोडून. तिला शिरीषने सांगितलं.

“म्हणजे फोटो सुलटासुद्धा असू शकतो,” तो म्हणाला. “आता एक सेल्फी घेऊन बघ. तुझा फोन उलटवतो का ते कळेल.”

“तो जुना फोन होता. आईला दिला. तिने तो पालेभाजीबरोबर धुतला.”

“तिथीच्या दिवशी साप गळ्यात घालून सेल्फी?” श्यामलाने विचारलं.

“सगळं आटपल्यावर घेतली असेल, वहिनी.”

“आटपल्यावर जानवं परत डावीकडे येतं.”

“विसरलो असेन.”

उजवीकडच्या सापाने जीभ बाहेर काढून आत घेतली.

“रुचिरकाका,” सई म्हणाली, “तू नेशील त्याला कधीकधी पिंट्या पण म्हण. म्हणजे इन केस.”

“म्हणेन.”

“रागवून नाही म्हणायचं.”

“नाही.”

शेवटी श्यामलाचं म्हणणं धरून रुचिर उजवीकडे पट्टा तुटलेला साप घेऊन गेला. सईने त्या पेटीला कुंकवाचं बोट लागलेलं पाहिलं आणि गाडी सुरू होण्याआधी ते पुसून टाकलं.

निझव्याहून मेसेज आला आहे. राजेंनी पोचल्यापोचल्या उंदीर खाल्ला, म्हणजे ते राजेच, असं रुचिर लिहितो. सोहारच्या सापानेही त्याच संध्याकाळी उंदीर खाल्ला. सईच्या हातून.

शिरीषने कारखान्यातून एक लेबल आणलं आहे. उन्हापाण्यात न निघणारं, खरवडलं तरी न निघणारं. सईने ते पेटीवर सरळ रेषेत चिकटवलं आहे. त्यावर नाव अजून लिहिलेलं नाही.