एक भोक जास्त

लेकीच्या घड्याळाच्या पट्ट्याला एक भोक जास्त होतं. बाकीची भोकं एका रेषेत, सारख्या अंतरावर होती. ती बाबांनी स्वतःच्या पंचानं पाडली होती. हे नवं भोक घड्याळाच्या बाजूला, जरा तिरकं होतं, आणि त्याची कड फाटली होती.

"हे कुणी पाडलं?"

"मीच. कात्रीच्या टोकानं."

"कातड्याचं काम करणाऱ्याची लेक आहेस, असं सांगू नकोस कुणाला."

ती हसली. हल्ली सकाळी चालायला जाते, म्हणाली. पट्टा काढून ठेव, नीट करून देतो, असं बाबा म्हणाले, तर तिनं बाही खाली ओढली आणि पिशवीतून कागद काढले.

पुन्हा तेच. मृत्युपत्र. इतकी वर्षं तिनं कधी विषय काढला नव्हता आणि गेले काही महिने मात्र हात धुऊन मागे लागली होती. बाबांच्या सबबी संपत आल्या होत्या. मोठी ऑर्डर आली आहे, चष्म्याचा नंबर बदलला आहे, वकील फारच पोरसवदा दिसतो.

दुकानाच्या कोपऱ्यात धाकटा मुलगा पट्ट्यांची बक्कलं निवडत बसला होता. वय चाळिशीला टेकलेलं, समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. पितळी बक्कलं एका डब्यात, काळी दुसऱ्यात. डबे भरले की तो सगळं पुन्हा एकत्र ओतायचा आणि नव्यानं सुरुवात करायचा.

त्याच्यापुरती बाबांच्या डोक्यातली व्यवस्था साधी होती. आपण गेलो की त्याची आई आहे, आई गेली की ताई आहे. त्यात लिहायचं काय?

लेकीच्या कागदात वेगळंच होतं. दुकान आणि वरचं घर एका विश्वस्त मंडळाकडे जायचं. त्याच्या भाड्यातून धाकट्याचा खर्च भागायचा आणि त्यानं राहायचं गावाबाहेरच्या संस्थेत. मागच्या महिन्यात ती त्याला सवय व्हावी म्हणून दोन दिवस तिथे ठेवूनही आली होती. परत आला तेव्हा त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. ती लावून देताना आईनं एवढंच म्हटलं होतं, जावयाला नको झाला असेल.

बाबांनी कागद शेवटपर्यंत वाचले. मग पुन्हा पहिल्या पानावर आले.

"यात तुझं नाव कुठेच नाही."

"मला धरून चालू नका, बाबा."

आई चहा घेऊन जिना उतरत होती. तिच्या कानावर ते पडलं. "लहानपणी त्याला कडेवरून खाली उतरू देत नव्हती," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "आता धरून चालायचं नाही."

 लेक स्टूल ओढून बसली. पूर्वी कातड्याची गुंडाळी खांद्यावर टाकून धडाधड जिना चढणारी ही मुलगी आल्यापासून तिसऱ्यांदा बसत होती. चहा तिच्यासमोर तसाच निवत राहिला.

धाकटा भरलेला डबा दाखवायला तिच्याकडे आला. डबा बघून झाल्यावर त्याला नवा खेळ सापडला. तिच्या मनगटावरचं घड्याळ त्यानं एका बोटानं वर सरकवलं. ते बाहीखालून सरळ कोपरापर्यंत गेलं. तो खिदळला. त्यानं ते खाली आणलं, पुन्हा वर नेलं.

"ताईचं घड्याळ जिना चढतं," तो म्हणाला.

ती त्याला करू देत होती. ते पाहून बाबांचा राग विरघळला आणि त्या जागी फक्त हट्ट उरला. पोर वाईट नाही. कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय. आपण ठाम राहिलो तर ती आपला शब्द मोडणार नाही. त्यांनी कागद घडी घालून तिच्या पिशवीत परत ठेवले.

"ऐक. माझं ठरलं," ते म्हणाले. "घर, दुकान, जे आहे ते सगळं तुझं. आणि हा राहील तुझ्यापाशी. उद्याच वकिलाला असं लिहायला सांगतो. आता नाही म्हणून दाखव."

इतक्या महिन्यांनी त्यांना हलकं वाटलं. जिन्यापाशी उभ्या आईनंही मान हलवली.

लेकीनं घड्याळ मनगटावर आणलं आणि भावाचा हात हातात घेतला.

"मी नाही म्हणतच नाहीये, बाबा," ती म्हणाली. "पण तुमच्या आधी मी जाणार आहे. डॉक्टरांनी परवा औषधं बंद केली."