भिंतीवरची पोरं

“अगं, इथंबी इलेक्शन लागलंय की!” धोंडीराम मोठ्यानं हसला.

पॅलेस्टाईनमधल्या नाब्लस शहरातली ती जुनी गल्ली. दगडी कमानी, मसाल्यांची दुकानं, आणि भिंतीवर एकाला एक लागून तरण्या पोरांचे फोटो डकवलेले. “पॅनल तगडं हाय बघ. एकबी म्हातारा उभा केला न्हाई.”

सत्यभामा हसली नाही. तिला हसवायला तो सकाळपासून जंग जंग पछाडत होता.

गेल्या साली धोंडीराम साखर कारखान्याचा संचालक झाला. बीडकडं दुष्काळ पडला, की संचालकांना ठिबक आठवतं. तेच शिकायला सगळे इस्रायलला आले होते. आजचा दिवस मोकळा, म्हणून हे शहर बघायला निघाले. बायकोला त्यानं हट्टानं बरोबर आणलं होतं. त्यांचा एकुलता एक उत्तरेश्वर दुष्काळात पाण्याचा टँकर चालवायचा. वडवणीच्या अलीकडं टँकर उलटला आणि पोरगा गेला. गावानं चौकात त्याच्या फोटोचा मोठा बोर्ड लावला. सत्यभामा मात्र मुकी झाली. आधी निदान रोज सकाळी चौकातल्या मारुतीला तरी जायची. गेल्या साली तेही सोडलं. मुलूख बदलला की बाई बोलती होईल, अशी धोंडीरामला वेडी आशा होती. त्यानं तिला पाकात भिजलेली मिठाई खाऊ घातली, ऑलिव्हचा साबण हुंगायला दिला. ती नुसती मान हलवत राहिली.

“हळू बोला,” सोबतचे अर्जुनराव त्याच्या कानाशी लागले. “वाटाड्या म्हनतोय, गोळ्या लागून मेलेली पोरं हायेत ही.”

धोंडीराम ओशाळला. कुठं बघावं ते त्याला कळेना.

तेवढ्यात एक म्हातारी घरातून आली. एका फोटोपुढं थांबली. डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं तिनं पोराचं कपाळ पुसलं, मग गाल. शेजारच्या फोटोवर धूळ साचली होती. सत्यभामा पुढं झाली आणि पदरानं तो पुसू लागली. आधी कपाळ, मग गाल. म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, काही न विचारता पाठीवर हात ठेवला. सत्यभामाला हुंदका आवरेना.

धोंडीरामचेही डोळे भरून आले. “रड. मोकळी हो,” तो म्हणाला. “पोरगं गेल्यापासनं बोलली न्हाईस तू.”

“बोलत व्हते की.” तिचा हात थांबला नाही. “रोज सकाळी चौकात. मारुतीला न्हाई जात व्हते मी. बोर्डावरचं त्याचं तोंड पुसायचे अन् त्याच्याशीच बोलायचे. मग तुमचं इलेक्शन आलं.”

“अगं...”

“त्याच्या तोंडावर तुमी तुमचं तोंड डकवलंत.”