ओला रंग

गोडं तेल. दुपारची एसटी. कातड्यावर ठोकून उठवलेला मोर. नव्या खाकीचा कडक वास.

"आबा, वाळलं काय?" फौजदार झालेला माझा धाकटा दारात उभा होता. त्याला गडचिरोलीला हजर व्हायचं होतं. थोरला तिथंच गोळी लागून गेला.

"कुठलं वाळतंय! आत्ता बांधलंस तर खाकी डागाळेल." पिस्तुलाच्या कव्हरवर मी पुन्हा रंगाचा बोळा फिरवला. "उद्याच्या गाडीनं जा की."

"कालपण हेच म्हणाला तुम्ही."

त्यानं कव्हर उचलून नाकाशी धरलं. माझ्याच हाताखाली शिकलेला तो.

"रंगाच्या आधी तेल पाजलंय तुम्ही. हे कधी वाळायचं नाही, आबा."

"मग राहू दे ते. तूबी राहा."

त्यानं ते तसंच ओलं कव्हर कमरेच्या पट्ट्यात ओवलं. खाकीवर तपकिरी डाग पसरत गेला. मी दोन्ही हातांनी पट्टा धरला. त्यानं माझी रंगलेली बोटं एकेक करून सोडवली.

"डागाचं आईला सांगू नका."

थोरल्याचं कव्हर मी वेळेच्या आधीच वाळवून, चकाकवून दिलं होतं.