मधली खुर्ची

राष्ट्रगीत संपलं आणि थिएटरातले आम्ही मोजके लोक खाली बसलो. आमच्या दोघांमधली रिकामी खुर्ची मात्र आपोआप मिटली. मी ती उघडून हाताने दाबून धरली. सवयीने तिकिटं तीनच काढली होती.

पडद्यावर ढगांतून पंखवाला हत्ती उतरला आणि हिने चक्क टाळ्या वाजवल्या. याच हत्तीची तीन भागांची कादंबरी ही हॉस्पिटलात आमच्या लेकीच्या, जुईच्या उशाशी बसून वाचून दाखवायची. हिला पुढचं प्रत्येक वाक्य पाठ होतं. हत्ती राजाच्या हौदात धपकन पडला तेव्हा तर आम्ही दोघं खळखळून हसलो. जुई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

बाहेर पडताना डोअरकीपर म्हणाला, "आवडला वाटतं? उद्या उतरवणार हा. साफ आपटला. पुढचे दोन भाग आता कुठले निघायला!"

मला फार वाईट वाटलं. एवढी सुंदर गोष्ट आता अर्ध्यातच राहणार. मी हिच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण चेहरा शांत होता.

"असू दे हो," ही म्हणाली. "जुईचाही पहिलाच भाग ऐकून झाला होता. तिला मागे ठेवून आपण पुढे कुठं जाणार होतो?"